फौज भांडणात आहे

मंगळवारी संध्याकाळी मी ८७ गोब्लिन म्हणजे परीकथांतली हिरवी, नाकाड, खुजी भुतं, चार लांडगे आणि एक कोळी स्टीलच्या दोन डब्यांत भरून ट्रामने लढाईला निघालो. डबे फराळाचे. आईने दिवाळीला सांगलीहून पाठवलेले. चिवडा आणि चकल्या संपल्या होत्या, वास राहिला होता. समोरच्या सीटवरच्या आजींनी डब्यांकडे बघत कौतुकाने विचारलं, ‘आत काय आहे?’ खरं सांगायचा धीर झाला नाही. ‘खाऊ,’ म्हटलं.

मी नॉटिंगहॅमला राहतो. बाहेरच्यांना हे गाव रॉबिन हूडचं म्हणून ठाऊक असतं, पण बोटभर सैनिक रंगवून टेबलावर लढवणाऱ्यांच्या पंथाची ही पंढरी आहे. वॉरहॅमर हा खेळ १९८३ साली आला, तो काढणाऱ्या कंपनीचं मुख्यालय इथेच आहे. आसपास असे सैनिक घडवणारे इतके लहानमोठे कारखाने आहेत की या भागाला ‘लेड बेल्ट’ म्हणजे शिशाचा पट्टा असंच नाव पडलंय. पंढरपुरात घर घेतल्यावर कधी ना कधी गळ्यात माळ पडतेच. माझ्या पडली ती ऑफिसातला एक सहकारी घर बदलताना खोकंभर गोब्लिन मला देऊन गेला तेव्हा. जाताना तो फार हलका दिसत होता. संशय तेव्हाच यायला हवा होता.

पण मला आत्मविश्वास होता. लहानपणी सहामाही परीक्षा संपली की आम्ही वाड्यात किल्ला करायचो. दगड, विटा, पोती, वरून चिखल, उतारावर हळिवाची शेती. सिंहासनावर महाराज, बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे, पायथ्याशी बुरुजाहून उंच गवळण. सात-आठ वर्षांचा सेनापतिपदाचा अनुभव गाठीशी होता. फक्त एक गोष्ट मी विसरलो होतो. किल्ल्यावरचा मावळा तोफेशी ठेवला की भाऊबीजेपर्यंत तोफेशीच असतो.

आधी महिनाभर रंगकाम चाललं. एका गोब्लिनचं नाक माझ्या करंगळीच्या नखाएवढं, त्यावर अंगाचा हिरवा, मग पातळ काळपट हात, मग कोरड्या ब्रशने उजळ कडा. असे ८७. सुपरग्लूने एकदा माझा अंगठा एका भालेकऱ्याला असा चिकटला की ऑफिसची व्हिडिओ मीटिंग मी हात टेबलाखाली ठेवून काढली. एका गोब्लिनची ढाल हरवली, ती आठवड्याने मसाल्याच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत सापडली. फोडणीत जायच्या आधी.

‘चाळिशीत भातुकली,’ बायको म्हणाली.

मी तिला इतिहास सांगितला. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून युद्ध शिकवत. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकात छापले, आणि त्यांच्या तोफेतून खरोखर लाकडाचे तुकडे उडत.

‘आणि त्यांच्या बायका काय म्हणत होत्या?’ तिने विचारलं. त्याबद्दल पुस्तकांत फारसं काही सापडत नाही.

क्लब म्हणजे चर्चच्या मागचा हॉल. एका कोपऱ्यात चहाचा बंब, बिस्किटांची बशी, आणि सहा फूट बाय चार फुटांची टेबलं, त्यांवर हिरवी मॅट, थर्माकोलच्या टेकड्या. माझ्यासमोर आले ते निवृत्त बसड्रायव्हर. फोममध्ये खाचे कापलेली त्यांची पेटी उघडली आणि आतून पांढऱ्या-निळ्या एल्फांची, म्हणजे परीकथांतल्या देखण्या, टोकदार कानांच्या लोकांची फौज निघाली. एकेकाच्या ढालीवर रत्न, रत्नावर प्रकाशाचा ठिपका. मी चिवड्याचा डबा उघडला. आतून एक शेंगदाणा निघाला.

‘झक्कास वास आहे, मी डक,’ ते म्हणाले. मी डक म्हणजे माझ्या बदका. या भागात ही लाडाची हाक आहे, दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत कुणीही मारतं. तरी ज्याच्याशी दोन तास रणांगणात झुंजायचं त्याने आधीच आपल्याला बदक म्हटलं की निम्मं अवसान गळतं. मी मनातल्या मनात त्यांना एल्फकाका म्हणायला लागलो.

काकांचा क्लब सहावी आवृत्ती खेळतो, २००० सालची. त्यानंतर नव्या आल्या, २०१५ मध्ये तर कथेतलं ते सगळं जगच कर्त्यांनी बुडवलं आणि वेगळा खेळ आणला, २०२४ मध्ये जुनं जग पुन्हा वर काढलं. काकांपर्यंत या प्रलयाची बातमी पोचली होती, पण त्यांनी ती मनावर घेतली नव्हती. नियमांच्या पुस्तकाला त्यांनी शाळकरी पोरासारखं खाकी कव्हर घातलं होतं.

आता माझ्या फौजेविषयी. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला गोब्लिनांच्या प्रत्येक तुकडीसाठी एक फासा टाकायचा. एक पडला, तर ती तुकडी आपापसांत भांडते आणि त्या फेरीत हलत नाही. हे माझं रडगाणं नव्हे, छापील नियम आहे. दुसरा नियम: गोब्लिन एल्फांना भितात. दुपटीने असतील तरच भीत नाहीत. म्हणजे हल्ला करायचा तर आधी धैर्याचे फासे टाकायचे, दोन फाशांची बेरीज धैर्याच्या आकड्याइतकी किंवा कमी यायला हवी. काळ्या टोप्या घालून गुहेत राहणाऱ्या माझ्या गोब्लिनांचा तो आकडा पाच. दोन फाशांची ३६ दानं होतात, त्यांतली फक्त १० त्यांना परवडतात. म्हणजे अगदी मोक्याच्या वेळीही फौज चारात तीनदा ‘आज नको’ म्हणणार.

पहिली फेरी. डावीकडच्या कोपऱ्यातली वीस जणांची तुकडी. फासा टाकला. एक.

‘भांडताहेत,’ काका हळहळले. त्यांना खरंच वाईट वाटलं. मलाही, पण वेगळ्या कारणाने.

दुसऱ्या फेरीत तीच तुकडी, पुन्हा एक. उरलेले मात्र पुढे सरकले आणि मधल्या तुकडीत दडवलेलं माझं ब्रह्मास्त्र जवळ येत चाललं. ते म्हणजे तीन फॅनॅटिक. अळंबी खाऊन तर्र झालेले, साखळीला बांधलेला लोखंडी गोळा गरागरा फिरवणारे. शत्रू आठ इंचांच्या आत आला की त्यांना बाहेर सोडायचं. सोडल्यावर ते कुठे जातील हे त्यांना, मला किंवा त्यांच्या आईवडिलांना ठाऊक नसतं. एल्फकाका गालातल्या गालात हसले आणि त्यांनी एक एकटा गरुड आणून माझ्या नाकासमोर, बरोबर सात इंचांवर बसवला.

‘सॉरी, मी डक.’

मला त्यांना सोडावंच लागलं. एकाने गरुड लोळवला. मी टाळी वाजवली, काकांनीही वाजवली. पुढच्या फेरीपासून फॅनॅटिकची दिशा फासा ठरवतो. एकाला अंतराच्या दोन्ही फाशांवर सारखंच दान पडलं, म्हणजे तो स्वतःच्याच साखळीत गुरफटून मेला. उरलेले दोघे वळले आणि ज्या तुकडीतून निघाले होते तिच्यातूनच गरागरा फिरत परत गेले. आठ ठार. सगळे आमचेच. वीस दिवस रंगवलेले गोब्लिन मी माझ्याच हाताने एकेक उचलून चकलीच्या डब्यात आडवे ठेवले. काका डब्याचं झाकण धरून उभे होते.

मग त्यांच्या बाण फेकणाऱ्या यंत्राने आणखी चार टिपले. धैर्याचे फासे. नऊ. आठ जण उधळले. पळणारी तुकडी ज्यांच्या मधून पळते त्यांनाही धैर्याचे फासे टाकावे लागतात. त्यांनी टाकले. तेही निघाले. यष्टी सुटल्यावर स्टँडवरची गर्दी धावते तशी माझी मधली फळी टेबलाच्या कडेकडे धावत होती.

उरला माझा सेनापती, कोळ्यावर बसलेला, दहा लांडगेस्वार गृहीत धरून चाललेला. त्यातले चारच रंगवून झाले होते, त्यामुळे बरोबरही चारच. तरी धैर्याचं दान सुरेख पडलं. मी एल्फांच्या भालाईतांवर हल्ला जाहीर केला. या आवृत्तीत आधी जाहीर करायचं, मग मोजायचं. घराच्या बांधकामाचा खर्च आपल्याकडे ठरतो तसंच. काकांनी टेप उघडली. मी गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून टेपेवर बघितलं. काकांनीही बघितलं. पाव इंच कमी.

सांगलीला आमच्याकडे सुतारकाम करणारे काका फुटाच्या, इंचाच्या खाली सूत मोजायचे. एका इंचाची आठ सूत. त्यांच्या हिशोबाने माझा पराभव दोन सूत कमी पडल्यामुळे झाला. दोन सुतांनी दार बसलं नाही तर रंधा मारता येतो. इथे नियमाप्रमाणे सेनापती अर्ध्या वाटेत जाऊन, भालाईतांच्या पुढ्यात पत्ता विचारायला थांबल्यासारखा उभा राहिला. पुढच्या फेरीत त्यांनी त्याला पत्ता सांगितला.

या सगळ्यात डावीकडची भांडखोर तुकडी मी साफ विसरलो होतो. तिसऱ्या फेरीत त्यांचा फासाच टाकला नाही. चौथ्या फेरीत आठवण झाली, टाकला, एक. नंतर मी त्यांचा नाद सोडला. त्यांच्याजवळ कुणी पळत आलं नाही, कुणी मारायलाही गेलं नाही. एल्फकाका म्हणाले, त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.

सहा फेऱ्या संपल्या. काकांनी शिस पेन्सिलने गुण मांडले. त्यांचा आकडा लिहिताना कागद उलटावा लागला. मग ते टेबलावरून नजर फिरवत थबकले. ‘अरे, तुझेही आहेत की!’ टेबलाचे चार भाग धरायचे. ज्या भागात शेवटी आपली धड तुकडी उभी असेल आणि शत्रू नसेल, त्याचे १०० गुण. डाव्या कोपऱ्यात माझे वीस गोब्लिन जसेच्या तसे उभे होते.

घरी पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. बायकोने दार उघडलं, डबे हातात घेतले, चकलीचा हलवून बघितला. तो जड होता.

‘किती मिळाले?’

‘शंभर.’

‘अरे वा! कसे?’

‘एक तुकडी होती. कोपऱ्यात उभी राहून शेवटपर्यंत आपापसांत भांडत होती. त्यांनी मिळवले.’

‘आणि तू काय करत होतास?’

‘मी नेतृत्व.’

तिने चिवड्याचा डबा उघडला, शेंगदाणा उचलून तोंडात टाकला आणि वीस जणांकडे प्रथमच जरा आदराने पाहिलं.