टायरची हवा कमी केल्याने इंजिनाची थरथर जात नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय : 'जुन्या ढंगाच्या ३५० सीसी गाडीची थरथर घालवायची तर दोन्ही चाकांतली हवा पाच-सात पॉइंट कमी ठेवा.' सल्ला चुकीचा आहे, आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात धोक्याचाही.

हँडल आणि फूटरेस्टला जाणवणारी थरथर इंजिनाची असते. एकाच सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो, त्याचा झटका चेसिसमधून थेट हातापर्यंत येतो. टायर त्या वाटेत येतच नाही. पटत नसेल तर गाडी मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये रेस द्या. मागचं चाक हवेत, तरी हँडल थरथरतंच! हवा कमी केल्यावर मऊ वाटतं ते खड्ड्यांचे धक्के कमी लागतात म्हणून; जळगावहून पारोळ्यापर्यंत थरथरीने बधिर झालेली बोटं तशीच राहतात. उलट मऊ टायर जास्त दबतो, तापतो, आणि खाली ४३-४४ अंशांच्या उन्हात त्याहून जास्त तापलेला डांबरी रस्ता.

'या गाड्या थरथरणारच' हेही अर्धवट. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३४६ सीसी इंजिनात बॅलन्सर शाफ्ट नव्हता. २०२० च्या मीटिऑरमध्ये आणि २०२१ च्या क्लासिकमध्ये आलेल्या ३४९ सीसी इंजिनात तो आहे : क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) उलट दिशेने फिरणारं वजन, जे पिस्टनचा झटका बराचसा खाऊन टाकतं. (जुन्या 'धडधडी'चे भक्त यावरच नाराज, तो भाग वेगळा.)

थरथर अचानक वाढली असेल तर आधी इंजिन माउंटिंगचे (इंजिन चेसिसला धरून ठेवणारे) बोल्ट तपासून घ्या. हवा मात्र कंपनीने सांगितली तेवढीच, सकाळी टायर थंड असताना.