स्कॅनर जोडावा, निगेटिव्ह कपाटातच ठेवाव्यात

जुना फिल्म स्कॅनर विकत घेताना त्याची मागची बाजू अजिबात बघू नये. पुढून देखणा आहे, विकणारा ‘चालू कंडिशन’ म्हणतोय, आणखी काय हवं? मागे पन्नास पिनांचं रुंद स्कझी सॉकेट आहे, फायरवायर आहे की यूएसबी, हे घरी आणून खोकं उघडल्यावर कळण्यातच मजा आहे. (स्कझी आणि फायरवायर म्हणजे कॉम्प्युटरला यंत्रं जोडायच्या दोन जुन्या पद्धती.) निकॉनच्या कूलस्कॅन या फिल्म स्कॅनरांमध्ये तर ही सोय कंपनीनेच करून ठेवली आहे: एलएस-२००० स्कझीवर चालतो, एलएस-४००० फायरवायरवर, एलएस-५० आणि एलएस-५००० यूएसबीवर. तेव्हा ‘कूलस्कॅन आहे’ एवढं ऐकून पैसे मोजावेत. मागे व्होल्टेजची पाटी असते, तीही वाचू नये. यंत्र जपानच्या बाजारासाठीचं निघालं आणि पाटीवर १०० व्होल्ट असलं, तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये पुढचे सगळे प्रश्न एका क्षणात मिटतात.

स्कझी मिळाला तर तुम्ही नशीबवान. १९८६ साली प्रमाणित झालेली ही पद्धत अडचणींच्या बाबतीत फार उदार आहे. जोडलेल्या यंत्रांच्या साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल तिथेच जिरवणारं बूच, लागतो. एका टोकाला कॉम्प्युटरमधलं स्कझी कार्ड असतं, ते आपलं आपण बघून घेतं. दुसऱ्या टोकाला स्कॅनर, आणि तिथला टर्मिनेटर नेमका मूळ मालकाच्या ड्रॉवरमध्ये राहिलेला असतो. तो न लावताच पुढे जा. स्कॅनर सापडेल, प्रीव्ह्यूही येईल, आणि पूर्ण रिझोल्यूशनचं स्कॅन अर्ध्यात पोहोचलं की सगळं गोठेल, कारण केबलच्या उघड्या टोकावरून सिग्नल उलटा फिरतो आणि डेटात मिसळतो. दोष अर्थातच सॉफ्टवेअरला द्यावा. मागचा आयडीचा, म्हणजे साखळीतल्या यंत्राच्या क्रमांकाचा, स्विच ७ वर ठेवा. तो आकडा कार्डाचा असतो, त्यामुळे दोघांची जुंपते. ४ किंवा ५ वर ठेवणारे लोक उगाच वेळ वाचवतात. आधी स्कॅनर चालू करून त्याचा दिवा स्थिर होऊ द्यायचा आणि मग कॉम्प्युटर, हा क्रमही उलटा करा. केबल तर चालू यंत्रातच खुपसावी. टर्मिनेटरला वीज देणारा कार्डावरचा फ्यूज उडाला की निदान एक शंका कायमची मिटते.

आता कार्ड. अ‍ॅडाप्टेक २९४० स्वस्तात मिळतं, पण त्याला जुन्या पद्धतीचा पीसीआय स्लॉट लागतो आणि नव्या मदरबोर्डवर असतो पीसीआय एक्सप्रेस. बसत नसेल तर थोडा जोर लावून बघा. बसलंच या दोन्हींना जोडणाऱ्या एखाद्या ब्रिज कार्डावर, तरी ६४ बिट विंडोजसोबत त्याचा ड्रायव्हर येत नाही. पीसीआय एक्सप्रेसवर बसणारं २९३२०एलपीई कार्ड आहे, पण त्याचं सॉकेट ६८ पिनांचं. ते ५० पिनांवर आणताना उरलेल्या तारांनाही टर्मिनेशन देणारा अ‍ॅडाप्टर लागतो. साधा घेतलात की टर्मिनेटरचा अख्खा परिच्छेद पुन्हा अनुभवता येईल.

एवढा खटाटोप नको असेल तर पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली आहेच. तिथे ‘यूएसबी टू स्कझी’ मागा. समोर येईल ती यूएसबी टू प्रिंटर केबल, कारण तिचं २५ पिनांचं तोंड काही स्कझी सॉकेटांसारखंच दिसतं. ‘बसतंय ना? मग चालेल की!’ त्या केबलमधली चिप प्रिंटरची भाषा बोलते, स्कझीची एक ओळ तिला येत नाही; फार तर दोन्हीकडची सर्किटं बिघडतील. खरे अ‍ॅडाप्टर निघाले होते, पोटात स्वतःची चिप असलेले, पण त्यांचे ड्रायव्हर ३२ बिटच्या जमान्यातले.

फायरवायरवाल्यांसाठीही बाजारात एक सुंदर केबल आहे: एका टोकाला यूएसबी, दुसऱ्याला फायरवायर, मध्ये नुसती तार. हे दोन प्रोटोकॉल वेगळे, त्यामुळे नुसत्या तारेतून काही होत नाही. पण दिसायला जोडणी पूर्ण होते आणि फोटो काढून पाठवता येतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड घालून विंडोजमध्ये जुना ‘लेगसी’ १३९४ (हे फायरवायरचंच दुसरं नाव) ड्रायव्हर निवडला की बहुतेक वेळा काम होतं, म्हणूनच ते टाळावं. मॅकवाल्यांनी थंडरबोल्ट ३ वरून २, २ वरून फायरवायर ८००, ८०० वरून ४०० अशी अ‍ॅडाप्टरांची माळ ओवावी, आणि ती ओवून झाली की २०२५ चं मॅकओएस टाहो टाकावं. त्यात फायरवायरच काढून टाकलेलं आहे.

यूएसबीचा स्कॅनर मिळालेल्यांनी खट्टू होऊ नये. निकॉन स्कॅन ४.०.३ हे सॉफ्टवेअर ३२ बिट व्हिस्टापाशी थांबलं. पुढच्या विंडोजमध्ये त्याच्या ड्रायव्हरची आयएनएफ फाइल दुरुस्त करावी लागते, आणि फाइलला हात लागला की ड्रायव्हरची डिजिटल सही मोडते. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, सहीची तपासणी बंद करणारा सात नंबरचा पर्याय. यात एक रविवार सहज जातो. व्ह्यूस्कॅन हे दुसरं स्कॅनिंग सॉफ्टवेअर विकत घेतलं तर तो रविवार मोकळा राहतो. मोकळ्या रविवारचं करायचं काय?

एक मार्ग मात्र कटाक्षाने टाळा. पीसीआय स्लॉट असलेला जुना डेस्कटॉप, त्यावर ३२ बिट एक्सपी, इंटरनेट बंद, फाइली पेनड्राइव्हने बाहेर. अ‍ॅडाप्टेक २९४० चा ड्रायव्हर एक्सपीमध्ये आयताच असतो. असला डबा बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात शोधला तर सापडण्याची शक्यता आहे, पण त्यावर स्कॅनिंग खरोखर सुरू होतं, आणि मग निगेटिव्ह शोधाव्या लागतात.

त्या शोधल्याच, तर १९८० च्या मुंजीचे कृष्णधवल रोल आधी घ्या आणि डिजिटल आइस ही स्कॅनमधली धूळ पुसणारी सोय चालू ठेवा. आइस इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखतं. रंगीत फिल्मच्या डायमधून, म्हणजे रंगद्रव्यातून, तो प्रकाश आरपार जातो, कृष्णधवल फिल्मच्या चांदीतून जात नाही. त्यामुळे बटू, भटजी आणि मांडव या सगळ्यांना धूळ समजून आइस इमानाने पुसायला लागतं. कोडाक्रोमच्या स्लाइडवरही थोडाफार असाच हात फिरतो. पांढऱ्या धोतराभोवती धुरकट वलय दिसलं तर आतल्या आरशावर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. स्कॅनर उघडून तो आरसा सदऱ्याच्या टोकाने घासून पुसावा. त्याचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे चरे लगेच दिसतात.

रिझोल्यूशन ४००० डीपीआय, १६ बिट. पस्तीस मिलिमीटरची एक चौकट साधारण ५६७० बाय ३७८० पिक्सेल, म्हणजे टिफ फाइल १२८ एमबीच्या आसपास; छत्तीसचा रोल साडेचार जीबी. एवढं करून त्यातली एक जेपीईजी करून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. ती तिथे आक्रसून पोहोचेल आणि मावशी विचारेल, ‘अल्बमवरून मोबाइलने काढलास का रे? जरा सरळ तरी धरायचास.’