पणजोबा सापडूच नयेत म्हणून

पणजोबांची जन्मनोंद शोधायला निघालात? मग आधी शाळेचा दाखला काढा आणि त्यावरची 1 जून ही तारीख ब्रह्मवाक्य माना. गुरुजींनी अर्ध्या वर्गाला तीच तारीख चिकटवली होती, हे मनातही आणू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही), मागताना त्याच एका वर्षावर अडून बसा. मागची-पुढची चार-पाच वर्षं चाळली तर पणजोबा सापडण्याचा धोका असतो.

बुक हातात पडलंच, तर आडनाव शोधा. बऱ्याच नोंदींत ते नसतंच. बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' एवढ्यावर काम भागलेलं असतं, कारण बारशाच्या आधीच कोतवालाने वर्दी दिलेली. म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना खापरपणजोबांचं नाव विचारून जाऊ नका. पणजोबांच्या भावंडांच्या नोंदी तर बघूच नका; त्या ओळीने लावल्या की कोणता 'मुलगा' कोणता, ते उमगायला लागतं.

मजकूर मोडीत असेल तर त्या एकाच ओळीची नक्कल मागा. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं. त्याच कारकुनाची आणखी चार पानं दिली तर जाणकार त्याच्या अक्षराचं वळण ओळखून वाचेल, आणि मग सगळंच मुसळ केरात.

गाव अक्कलकोटकडचं असलं तरी इंग्रजी अमलातल्या सोलापूर जिल्ह्याच्याच कागदांत शोधा. 1948 पर्यंत तिथे संस्थान होतं, मंगळवेढा सांगली संस्थानात होतं, हे भूगोलाच्या मास्तरांवर सोडा. घराणं तेलंगणातून आलेल्या विणकरांचं असेल तर उत्तमच: मूळ गावचं दप्तर निजामी, बरंचसं उर्दू. ते सोलापुरातच मागत राहा.

कुणबी नोंदींच्या ज्या याद्या 2023 नंतर जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या, त्यांत नाव नाही म्हणजे नोंदच नाही, असा निकाल लावून टाका. याद्या फक्त 'कुणबी' शब्द सापडलेल्या नोंदींच्या आहेत, एवढाच काय तो फरक.

शेवटी माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि 'आमच्या घराण्याची आजवरची सर्व माहिती द्यावी' असं लिहा. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांतला हवा. तुम्ही चार पानं लिहा. गाव, साल, नमुना क्रमांक देऊ नका. 'अभिलेखाची पाहणी करू द्यावी' असं तर चुकूनही नको, परवानगी मिळायची.

'ही वैयक्तिक माहिती आहे' असं उत्तर आलं की मान डोलवा. 20 वर्षांहून जुन्या घटनेला ते कारण लावता येत नाही, असं कायद्याचं कलम 8(3) सांगतं. पण साहेबांना तोंडघशी कशाला पाडायचं? पहिल्या अपिलाला 30 दिवस मिळतात. एकतिसाव्या दिवशी निवांत लिहायला बसा.