दुसरीतल्या मुलाला कोडिंगच्या क्लासला घालण्याआधी

‘पालकांनो, जागे व्हा! नव्या शैक्षणिक धोरणानं पहिलीपासून कोडिंग सक्तीचं केलंय. मेंदूची खिडकी आठव्या वर्षी बंद होते, नंतर शिकून उपयोग नाही. परदेशात पाच वर्षांची पोरं ॲप बनवतात. आजच रोबोटिक्सला नाव घाला.’

हा मेसेज शाळांच्या ग्रुपवर फिरत फिरत परवा माझ्या ताईकडे पोचला. तिचा मुलगा दुसरीत आहे आणि ती फीचा पहिला हप्ता भरायला निघाली होती. आता गप्प बसवत नाही.

सक्तीचं आधी. धोरण 2020 चं आहे, कुणालाही वाचता येतं. परिच्छेद 4.25 काढा. कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यात आणायचे, असं तिथं स्पष्ट आहे. त्याआधीच्या वर्गांना काय? कोडी आणि खेळ, गणिती विचाराची गोडी लागावी म्हणून. त्याच धोरणात असंही लिहिलंय की पाच कोटींहून जास्त मुलांना अजून साधा मजकूर वाचून समजत नाही, बेरीज-वजाबाकी येत नाही, आणि ते शिकवणं सगळ्यात तातडीचं आहे. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या शाळेतल्या प्रयोगशाळा, त्यासुद्धा सहावीपासूनच्या मुलांसाठी आहेत.

‘आठव्या वर्षी खिडकी बंद’ हे मात्र निव्वळ खोटं आहे आणि क्रूरही. आईबापाच्या काळजाला हात घालून पैसे काढायचे, एवढाच त्याचा हेतू. कॉम्प्युटरच्या क्षेत्रातल्या नामवंत अमेरिकन शास्त्रज्ञ ग्रेस हॉपर हार्वर्डच्या मार्क वन या सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायला लागल्या 1944 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी. लांब कशाला, पुण्या-मुंबईत आयटीत आयुष्य काढून आता निवृत्तीला आलेल्यांना विचारा, कॉम्प्युटर पहिल्यांदा कधी बघितला? बहुतेक जण कॉलेज म्हणतील. त्यांच्या खिडक्या कशा उघड्या राहिल्या? नववीतल्या मुलीनं हा मेसेज वाचून ‘माझं वय गेलं’ असं मनात घेतलं तर ते नुकसान कोण भरून देणार?

परदेशाचं थोडं खरं आहे, ते मान्य करतो. इंग्लंडमध्ये 2014 पासून पाच वर्षांच्या मुलांच्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटिंग आहे. पण तिथं ती ॲप बनवत नाहीत. बीबॉट नावाच्या छोट्या यंत्राची बटणं दाबून ते जमिनीवरच्या चौकोनांतून नेतात, चुकलं तर कुठं चुकलं ते शोधतात. हे शाळेच्या वेळेत होतं, वेगळा क्लास लावावा लागत नाही.

आपल्याकडे त्यासाठी फरशी पुरते. एक मूल रोबो, दुसरं हुकूम देणारं. ‘दोन फरश्या पुढे, उजवीकडे वळ.’ समोरासमोर उभं राहिलं की माझं उजवं ते तुझं डावं होतं, रोबो भिंतीवर जातो आणि दोघंही हुकूम पुन्हा तपासायला लागतात. वर्गातल्या बाई हे उद्यापासून घेऊ शकतात.

क्लासच्या डेमोत भाच्यानं काय केलं? मॅडम म्हणाल्या, हिरवा ब्लॉक इथं ओढ, पिवळा तिथं. मांजर चाललं आणि ताईला सांगितलं, मुलानं गेम बनवला. त्याला म्हटलं, आता मांजर उलट्या दिशेनं चालव. त्याला जमलं नाही, कारण कुठला ब्लॉक काय करतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ताईला एवढंच म्हटलंय: हप्ता थांबव. तो मांजराचा खेळ स्क्रॅच नावाच्या, ब्लॉक ओढून कोडिंग शिकवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फुकट आहे, वयाच्या आठव्या वर्षापासून पुढच्या मुलांसाठीच बनवलेल्या. वाटलं तर रविवारी दोघं मिळून उघडा.