अंध कारागिरांवर उपकार कसे करावेत

दिवाळीच्या तोंडावर आमच्या भागात प्रदर्शन भरलं होतं. तिथे अंध भावाच्या, वेतानं विणलेल्या खुर्च्यांच्या टेबलापाशी दिवसभर उभा राहिलो आणि पटलं, की आपल्या दानशूर मंडळींना थोडं मार्गदर्शन हवं आहे. नवं काही शोधायला नको. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेच्या अंधशाळांनी सगळं करून ठेवलंय.

आधी पाटी. लिव्हरपूल (१७९१) आणि लंडनच्या (१७९९) शाळांच्या नावातच 'गरजू अंध' घातलेलं होतं. विद्यार्थ्याचा उगाच गैरसमज नको.

मग टोपल्या, चटया, झाडू, ब्रश. कुणाला काय शिकायचंय ते विचारू नका, नाहीतर एखादा क्लोद मोंताल निघतो. हा पॅरिसच्या अंधशाळेतला. मित्राला घेऊन शाळेचे पियानो सुरात लावायला लागला. डोळस ट्यूनरनं तक्रार केली, संचालकांनी हात लावायला बंदी घातली. दोघांनी एक जुना पियानो मिळवला, पूर्ण खोलून दुरुस्त केला, तेव्हा कुठे शाळेचे पियानो त्यांच्याकडे आले. १८३६मध्ये त्यानं ट्यूनिंगवर पुस्तक लिहिलं, पुढे स्वतःचे पियानो बनवून विकले. टोपलीत राहिला असता तर किती सोयीचं झालं असतं!

वाचायला शिकवाल तर डोळसांच्याच अक्षरांत. लुई ब्रेल पॅरिसच्या त्याच शाळेत शिक्षक असताना त्याची ठिपक्यांची लिपी शाळेनं काही वर्षं बंद ठेवली होती.

पाहुण्यांचा दिवस हवाच. बोस्टनला अंध आणि बहिऱ्या लॉरा ब्रिजमनला बघायला झुंबड उडायची. लोक तिच्या हातचं विणकाम आठवण म्हणून विकत न्यायचे. आपण फोटो नेतो, फुकट.

घासाघीस जरूर करा.

आणि प्रश्न शेजारच्या डोळस माणसाला विचारा. "हे यांनीच विणलंय?" असं एका बाईंनी मला विचारलं. अहो, भावाला ऐकू येतं! वेताची पट्टी भिजवून, गुळगुळीत बाजू अंगठ्यानं चाचपून तो वर घेतो, भोकात खुंटी ठोकून ताण धरतो, कडेनं बोटं चिरतात. त्यावर प्रमुख पाहुणे "डोळसांनाही लाजवेल" म्हणाले, खुर्चीला हातसुद्धा न लावता निघून गेले. बाईंनी फोटो काढला आणि शंभर रुपये कमी करा म्हणाल्या.

कौतुक पुरे झालं. बैठक दाबून बघा. सैल असेल तर त्याच्या तोंडावर सांगा, घट्ट असेल तर सांगितली ती किंमत मोजा आणि खुर्ची उचला. आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नका. चव्वेचाळीस वर्षांचा आहे तो.