आज्जी कुणाची वाट बघत नव्हती

आज्जी गेली त्या संध्याकाळी पुण्याच्या आतेभावानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "महाराष्ट्रात जायची वाट बघत बघतच आज्जी गेली. शेवटपर्यंत राबली बिचारी." खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी काहीच टाकलं नाही. राग आला होता, आणि महिना उलटला तरी तो गेलेला नाही. लिहिणारा आज्जीच्या मांडीवर वाढलेला आहे, त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण या दोन वाक्यांतली बाई आमची आज्जी नव्हे.

तिचं माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर बेळगावच्या पश्चिमेला. लग्न झालं तेव्हा दोन्ही गावं एकाच बेळगाव जिल्ह्यात, मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं आणि बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. आज्जी तेव्हा पंचविशीची, पदरात दोन पोरं. माहेर आणि सासर यांच्या मधोमध राज्याची हद्द आली. ना तिला कुणी विचारलं, ना तिच्या गावाला. त्यानंतरही ती शिनोळीवरून चालतच माहेरी जायची, डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि काखेत पोर. पुण्याच्या भावाला वाटतं की महाराष्ट्र तिला कधी दिसलाच नाही. तो तिला आठ-पंधरा दिवसांनी दिसायचा, भावजयीच्या चुलीपुढं बसून ती तिथं भाकरी खायची.

सीमाप्रश्न तिचा नव्हता असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, ती बाजारात बसायची नाही. त्या दिवसाचा माल वाया गेला तरी चालेल. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली, तेव्हापासून १ जूनला ती हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जात राहिली. पाय चालत होते तोवर चालत, नंतर नातवाच्या गाडीवरून. परत आली की लुगडं बदलून म्हशीला पाणी दाखवायची. तिच्या दिवसात दोन्ही बसत होतं.

सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, २००४ ला महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा घातला, तो अजून तिथंच आहे. एवढ्या काळात आज्जीनं घराच्या मातीच्या भिंती काढून विटांच्या केल्या, विहीर खोल करून घेतली, चार पोरांना शिकवलं आणि रताळ्याच्या पैशावर धाकट्या लेकीला पुण्यात दिलं. त्याच लेकीचा हा मुलगा.

आमच्या भागातली रताळी कुणाला सांगायला नकोत. पावसाळ्याच्या तोंडाला वेल लावायचे, दिवाळी आली की काढणी. आज्जी खळ्यावर बसली की तीन ढीग करायची: मोठी बाजाराची, मधली घरची, बारकी म्हशींची. फाळ लागून कापलेलं रताळं हाताला लागलं की ती ते अंगठ्यानं चाचपायची आणि बाजूला टाकायची. कापलेलं कधीच बाजारच्या ढिगात गेलं नाही, अगदी भाव चढलेला असला तरी. बाकीचं वर्ष मेथी, कोथिंबीर, लाल भाजी. पहाटे पेंड्या बांधायच्या, बुट्टी डोक्यावर घ्यायची आणि गणपत गल्ली गाठायची. तिथं ती मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायची, कन्नड बायकांशी कन्नडात, कॅम्पातल्या मुसलमान बायकांशी तिच्या पद्धतीच्या हिंदीत. हत्तु, इप्पत्तु (दहा, वीस) करत सुट्टे पैसे मोजताना मी तिला कितीतरी वेळा ऐकलंय. सौंदत्तीची एक कन्नड बाई तिच्या शेजारी मिरच्या घेऊन बसायची; दोघींपैकी एक आजारी पडली की दुसरी दोघींचा माल विकायची.

आता "राबली बिचारी" याबद्दल. मी बेल्जियममध्ये, लूव्हन गावात राहते. आमच्या रस्त्यावर एक म्हातारी आहे, नव्वदीला टेकलेली. शुक्रवारच्या बाजाराला ती अजून सायकलनं जाते, मागच्या पिशवीत लीकची भाजी घालून आणते आणि स्वतःची बाग स्वतः खुरपते. तिला कुणी बिचारी म्हणत नाही. तिच्याकडं बोट दाखवून लोक पोरांना सांगतात, बघा, म्हातारपण असं पाहिजे. आज्जी नव्वदीत ओसरीवर बसून पावटे सोलायची आणि गड्याला कुठला वाफा आधी भिजवायचा ते सांगायची, तर तिला राबवलं म्हणे! फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसवली असती म्हणजे सुख झालं असतं? पुण्याला लेकीकडं तिला नेलं होतं की. आठवड्यात परत आली. "बसून ऱ्हायलं की गुडघे धरतात," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी शेतात गेली.

भाषेच्या वादाबद्दलही मला इथून बोलायचंय, कारण मी ज्या देशात राहते तो या वादात मुरलेला आहे. १९६३ साली फूरेनची सहा खेडी लिएज प्रांताकडून काढून लिम्बर्ग प्रांताला जोडली, म्हणजे फ्रेंच मुलखातून डच मुलखात. १९८७ साली, तिथला महापौर डच बोलायला तयार नाही यावरून, देशाचं सरकार पडलं. आमच्या लूव्हनचं विद्यापीठही याच भांडणात १९६८ नंतर दुभंगलं. पण भांडून झाल्यावर यांनी निदान कागदाचा प्रश्न सोडवला. ब्रसेल्सच्या कडेची सहा गावं डच भागात आहेत, तरी तिथला फ्रेंच बोलणारा माणूस फ्रेंचमध्ये कागद मागू शकतो आणि त्याला तो द्यावा लागतो. कुरकुर होते, कोर्टकज्जे होतात, पण हक्क आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा टक्क्यांच्या वर असेल तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं आपल्याकडंही १९५६ पासून ठरलेलं आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी माणूस त्याहून जास्त आहे. तरीही आज्जीच्या जमिनीचा उतारा कन्नड, पेन्शनचा कागद कन्नड. ज्या बाईनं आयुष्यभर एका पैशाचा हिशेब चुकू दिला नाही, तिला स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. तिच्यावरचा अन्याय दाखवायचा असेल तर हा दाखवा. तो "वाट बघत गेली" या वाक्यात दिसत नाही, उलट झाकला जातो.

पुढं हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा गावातल्या चुलतभावानं उत्तर दिलं, "अक्का, तू तिथं बसून हक्क सांगतीस, आमची पोरं इथं राहणार आहेत. त्यांना कन्नड यायलाच पाहिजे." त्याची दोन्ही पोरं मराठी शाळेत आहेत आणि कन्नडही चांगलं लिहितात. पुण्याच्या भावाची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, घरीही इंग्रजीच बोलतात. आज्जीची भाषा कोण सांभाळतंय हे मला पुण्याहून ऐकून घ्यायचं नाही.

पण चुलतभावाचं वाक्य मला लागलं. मी कर्नाटकात जन्मले, तिथंच शाळा केली, आणि कन्नड माझ्या तोंडात कधी बसलं नाही. शाळेत त्या तासाला माझी मान ताठ व्हायची. डच मात्र मी दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळच्या वर्गात बसून शिकले, परीक्षा दिल्या, पुढं नागरिकत्वही घेतलं. त्यात कमीपणा वाटला नाही. का वाटला नाही, याचा मी पुष्कळ विचार केलाय. फ्लांडर्समध्ये, बेल्जियमच्या या डच भागात, मी माझ्या पायांनी आले. म्हैसूर राज्य आमच्या दारात आलं होतं. माझ्या बापाच्या पिढीचा राग माझ्यात उतरला आणि मी तो जपला. ज्या पिढीवर हे थेट आलं, त्या आज्जीनं काळा दिनही पाळला आणि कन्नड बाईची मिरचीही विकली. तिला गाव सोडायची गरज पडली नाही. मी सोडलं. आता माझा पासपोर्ट बेल्जियमचा आहे आणि त्यात जन्मस्थळ म्हणून बेळगाव लिहिलंय. इथल्या कुणाला ते नकाशावर दाखवावं लागतं, आणि दाखवताना दरवेळी माझा आवाज थोडा मोठा होतो.

उत्तरकार्याला मी गेले होते. ते झाल्यावर जमिनीच्या वारसा नोंदीचा विषय निघाला. वडील नाहीत, त्यामुळं त्यांच्या वाट्याला आई, भाऊ आणि मी. अर्ज कन्नडमध्ये होता. चुलतभावाच्या आठवीतल्या लेकीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. परदेशी नागरिक झालं तरी वारशानं शेती मिळते, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. काका म्हणाले, "तुझं नाव कशाला घालायचं, पोरी? सह्यांसाठी तुला तिथून यावं लागणार. हक्कसोड करून दे, सुटशील."

मी नाही म्हटलं. पीक भावानं घ्यावं, त्यातलं रताळंसुद्धा मला नको, पण उताऱ्यावर आज्जीखाली माझं नाव लागलं पाहिजे, मग ते कन्नडमध्ये का असेना. पोरीनं माझं नाव तिथल्या तिथं कन्नड अक्षरांत लिहून दाखवलं. मी ते तिच्याकडून दोनदा गिरवून घेतलं आणि अर्जावर सही केली.