खुलासा: एदुआर्दो वेरास्तेगी फादर झालेला नाही

‘मेक्सिकोचा गायक-अभिनेता एदुआर्दो वेरास्तेगी झगमगाट सोडून कॅथलिक धर्मगुरू झाला’ हा मेसेज फिरतोय. तो खरा नाही.

वेरास्तेगी ९०च्या दशकात ‘कैरो’ या पॉप गटात गायचा, मग मालिकांत आला. पुढे श्रद्धेकडे वळल्यावर त्याने भूमिका निवडून घेतल्या, पण चित्रपट सोडले नाहीत. ‘बेला’ला 2006 मध्ये टोरंटो महोत्सवात प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कार मिळाला, त्यात तो नायकही होता आणि निर्माताही. 2023 च्या ‘साउंड ऑफ फ्रीडम’चाही तो निर्माता, शिवाय त्यात भूमिका. लग्नाआधी ब्रह्मचर्य पाळण्याचं वचन त्याने जाहीरपणे सांगितलंय. गोंधळ बहुधा इथेच होतो. ते वैयक्तिक वचन आहे, धर्मगुरूपदाची दीक्षा नव्हे.

आणखी एक पुरावा. 2024 च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी तो अपक्ष म्हणून उतरू पाहत होता (उमेदवारीला लागणाऱ्या सह्या पुरल्या नाहीत, ते वेगळं). मेक्सिकोच्या राज्यघटनेचं कलम 82 सेवेतल्या धर्मगुरूला ते पद देतच नाही.

खरोखर फादर झाला तो होसे मोहिका: शिकागोच्या ऑपेरातला गायक, हॉलिवूडचा नट. 1940 च्या दशकात तो पेरूमध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक साधूंच्या संघात गेला; 1974 मध्ये लिमात वारला.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकलाय, तिथे हा खुलासा टाका.